चावडीच्या फलकावरचा आकडा

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत एक लहानसा संगमरवरी फलक बसवलेला असतो. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने तो बसवला. मजकुराचा आशय सगळीकडे एकाच साच्यातला: या गावातून अमुक इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, आणि खाली काही नाही. इमारत रंगवायला काढली की कधी कधी या फलकावरूनही ब्रश फिरतो आणि कोणाची तक्रार येत नाही. येणार कशी? आकड्याला नातू नसतो.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे वेगळे आहे. 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून महाराष्ट्र या गावाला ओळखतो. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जण कामी आले. तिथली आठवण टिकली ती दगडामुळे नाही. पुढच्या प्रत्येक पिढीतली पोरे भरतीला जात राहिली आणि जुन्या पलटणींच्या गोष्टी घरातल्या घरात सांगितल्या जात राहिल्या, म्हणून ती टिकली. पण अपशिंग्यासारखी गावे मोजकीच. बाकीच्या शेकडो गावांत तो आकडा कोणाचा आहे हे सांगणारे आज कोणी नाही.

सैनिकांचा सन्मान म्हटला की आपल्याकडे पुतळा, चौकाला नाव, शाल-श्रीफळ आणि भाषण एवढा कार्यक्रम ठरलेला आहे. त्यात वाईट काही नाही. पण पुढच्या पिढीपर्यंत स्मरण पोहोचते ते तपशिलातून. माणसाचे नाव, त्याची वाडी, त्याची पलटण, तो कुठे लढला, परत आला का, आल्यावर त्याचे आणि त्याच्या घरच्यांचे काय झाले, हे कुठेतरी लिहिलेले असेल तर शंभर वर्षांनीही कोणीतरी ते वाचते आणि त्याचा नवा अर्थ लावते. लिहिलेले नसेल तर तिसऱ्या पिढीत नुसता अभिमान उरतो आणि तो कोणाबद्दलचा, हे विचारले की माणसे एकमेकांकडे पाहू लागतात.

फलकावर नावे का नाहीत याचे उत्तर त्या काळाच्या हिशेबात आहे. इराकमधल्या कूत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली डिव्हिजन 'सहावी पुणे डिव्हिजन' या नावाने ओळखली जायची. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने त्यांनी उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिकांना शरण जावे लागले. पुढे कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत किती मेले याचा हिशेब अंगावर काटा आणणारा आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. म्हणजे ज्या माणसाचा बसऱ्याच्या दगडावर नुसता आकडा झाला, त्याचा त्याच्या गावच्या चावडीवरही आकडाच झाला.

हा दोष नंतर, साम्राज्याच्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या खुद्द राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने मान्य केला. २०२१ मध्ये त्याच्या विशेष समितीने अहवाल दिला. पहिल्या महायुद्धात साम्राज्यासाठी मेलेल्या आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांपैकी ४५ ते ५४ हजारांचे स्मरण असमान पद्धतीने झाले, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित त्याहून पुष्कळ जास्त, माणसांची नावे कुठेच नोंदली गेली नाहीत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आयोगाने माफी मागितली. चांगले झाले. पण माफी लंडनमध्ये मागितली गेली; नावे शोधायचे काम कराड, चिपळूण आणि गडहिंग्लजमध्ये बसूनच होऊ शकते. ते का, हे पुढे सांगतो.

त्याआधी कोरेगाव भीमाकडे पाहू. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तिथे स्तंभ उभारला. उभारणाऱ्याचा हेतू कंपनीचा विजय मिरवण्याचा होता, दुसरा काही नाही. पण त्या स्तंभावर मेलेल्या शिपायांची नावे कोरली गेली, आणि त्यांतली वीसहून अधिक 'नाक' या प्रत्ययाने संपणारी, म्हणजे महार शिपायांची होती. शंभराहून अधिक वर्षांनी, १ जानेवारी १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. सुभेदार रामजी सकपाळांच्या या मुलाने ती नावे वाचली तेव्हा कंपनीच्या विजयाचा स्तंभ एका समाजाच्या शौर्याचा पुरावा झाला. लष्करात महारांची भरती इंग्रजांनीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ क्रमांकाची महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. या सगळ्या झगड्यात स्तंभावरची नावे कामाला आली. त्या लढाईचा अर्थ काय, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. वाद घालता येतो तोसुद्धा नावे आहेत म्हणून. तिथे 'वीस-बावीस शिपाई' एवढेच कोरलेले असते तर बाबासाहेबांना वाचायला काय मिळाले असते?

नाव नसले की काय होते हे पाहायला दूर जायची गरज नाही. आपल्या गावोगावी मारुतीच्या देवळामागे, वेशीजवळ, ओढ्याच्या काठी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मृतिशिळा, पडलेले आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मग अप्सरा वीराला वर नेताहेत, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एक्सरला शिलाहार काळातल्या नाविक लढाईचे असे देखणे वीरगळ आहेत. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. चंद्रसूर्य असेतो राहो म्हणून ज्याची कीर्ती कोरली, तो कोण होता हेच कळत नाही. काहींना शेंदूर लागला, काही गोठ्याच्या पायात गेले.

नाशिकला धुळवडीच्या दिवशी वीरांची मिरवणूक निघते. घरातल्या पूर्वज वीराचा टाक लहान पोराच्या हातात देऊन वाजतगाजत गोदावरीवर नेतात. स्मरण पिढ्यान्पिढ्या चालवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. मुलाला भाषण ऐकवत नाहीत, टाक हातात देतात आणि चालायला लावतात. तरीही हा वीर कोणत्या लढाईत पडला असे विचारले, तर अनेक घरांत उत्तर नसते. रीत राहिली, माणूस हरवला. आपले १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचे कार्यक्रम याच वाटेने चालले आहेत, आणि ते गोदावरीच्या मिरवणुकीइतके रंगतदारही नाहीत.

स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांबाबत काहीच झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पुण्यात घोरपडीला १९९८ मध्ये लोकवर्गणीतून युद्धस्मारक झाले. दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले, तेव्हा त्याच्या भिंतींवर २५ हजार ९४२ नावे होती. ज्याचा त्याचा हुद्दा, ज्याची त्याची वीट. हे काम उत्तम झाले, उशिरा झाले एवढेच. २०२३ मध्ये 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले आणि त्यांवर गावातल्या वीरांची नावे घालायची होती. कल्पना योग्य होती. पण मोहिमेला शेवटची तारीख असते, सेल्फी अपलोड करायचा असतो, आणि महिनाभरात शंभर वर्षांची नावे शोधून होत नाहीत. जी नावे हाताशी होती ती लागली. चावडीवरच्या जुन्या फलकातला आकडा तिथेच राहिला.

नाव कोरले तरी काम संपत नाही, कारण सगळी स्मारके मेलेल्यांची आहेत. जो परत आला त्याचे काय? परमवीरचक्राचे मानकरी रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडियाचे. बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि पाडलेली झाडे शत्रूच्या माऱ्याखाली तीन-चार दिवस हटवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. तसे करूनही ते जगले, ही गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते. १९९४ पर्यंत ते आपल्यात होते. पुण्यातच त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव दिले गेले. बेट दूर आहे. ते हयात असताना पुण्याच्या किती शाळांनी त्यांना वर्गात बोलावून सुरुंग हाताने कसा काढतात हे विचारले असेल, असा प्रश्न मला पडतो.

सांगलीच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली सेहेचाळीस वर्षे आपण काय करत होतो? ते पुण्यात नोकरी करत होते, आणि आपण ऑलिम्पिकमध्ये भारताला सुवर्ण का मिळत नाही यावर चर्चा करत होतो.

हे तर पदकवाले. ज्यांना पदक नाही त्यांची संख्या कैकपट आहे. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशातल्या जमालपूरला पहिल्या मराठा पलटणीने जो लढा दिला, त्यातली एक गोष्ट लष्करी इतिहास वाचणाऱ्यांना पाठ असते: भारतीय ब्रिगेडियरने शरण येण्याचे पत्र पाठवले आणि पाकिस्तानी कर्नलने उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. गोष्ट नाट्यमय आहे, दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी सांगितली, म्हणून टिकली. पण त्या थंडीत रस्त्याच्या कडेला खंदकात पडून राहिलेला शिपाई मराठी बोलत होता आणि त्याच्याही डोक्यात ती रात्र आहे. त्या वेळी विशीतला असलेला तो शिपाई आता पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६२ पाहिलेले ऐंशी ओलांडून गेले. गावात त्याला 'मेजर' म्हणतात, मग तो नाईक म्हणून निवृत्त झालेला का असेना. ध्वजारोहणाला त्याला पहिल्या रांगेत खुर्ची असते, पाहुणे दीड तास उशिरा येतात, त्याच्या गळ्यात हार पडतो आणि माईक मात्र आमदारांकडेच राहतो. एरवी एसटीच्या थांब्यावर, कँटीनच्या रांगेत, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत तो भेटतो. तिथे त्याला कोणी काही विचारत नाही.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००० सालापासून माजी सैनिकांच्या मुलाखती, पत्रे, फोटो जमवायला सुरुवात केली. आज तिथे लाखाहून अधिक माणसांचा संग्रह आहे, आणि त्या मुलाखती बहुतांशी सामान्य स्वयंसेवकांनी, शाळा-कॉलेजांच्या मुलांनी घेतलेल्या आहेत. त्यासाठी रणगाडा लागला नाही, टेपरेकॉर्डर लागला. आपल्याकडे तर आता प्रत्येकाच्या खिशात तो आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला जुना आहे: महायुद्धांत लढले ते इंग्रजांचे पगारी चाकर, त्यांचे स्मरण स्वतंत्र भारताने का ठेवावे? हा प्रश्न दिल्लीतल्या व्यवस्थेतही उतरला आहे. नवे राष्ट्रीय स्मारक स्वातंत्र्योत्तर सैनिकांचे आणि इंडिया गेट जुन्यांचे, असे दोन कप्पे पडले. मला हा आक्षेप पूर्ण नाकारता येत नाही. ती लढाई आपल्या देशाची नव्हती. पण भरतीला गेलेल्याने दुष्काळ, कर्ज, सावकार आणि घरातल्या पाच पोटांकडे पाहून निर्णय घेतला होता. अटी घालून का होईना, भरती व्हा असे टिळकांनीही सांगितले आणि १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव फिरले. पुढाऱ्यांचे धोरण आपण संदर्भासह समजून घेतो, मग शिपायालाच का फटकारायचे? शिवाय स्मरण म्हणजे गौरवच असला पाहिजे असे नाही. साम्राज्याने या माणसाला कसे वापरले आणि मग दगडावर आकडा करून कसे विसरले, हेही स्मरणच आहे. मुंबईच्या मशीद बंदरजवळ खलाशांच्या जुन्या निवासात पहिल्या महायुद्धात समुद्रावर बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाश्यांचे स्मारक आहे. जहाजाच्या तळाशी कोळसा ओढणारी ही माणसे, त्यांत कोकणातले मुसलमान आणि हिंदू दोन्ही. त्यांच्या हातात बंदूकही नव्हती. कोणत्या व्याख्येत बसवणार त्यांना?

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. सैनिकांचे सतत स्मरण केल्याने समाज युद्धखोर होतो, मुलांना मरण गोड वाटू लागते, असा तो आहे. भाषणातून होणाऱ्या स्मरणाबद्दल तो खराही आहे. पण प्रत्यक्ष लढलेल्या माणसाला निवांत बसवून विचारा. त्याच्या बोलण्यात घोषणा फार थोड्या असतात. थंडीने बधिर झालेली बोटे, न पोहोचलेले जेवण, शेजारी पडलेला सोबती, ज्याच्या घरी पुढे जायची हिंमत झाली नाही, आणि कधी समोरच्या मेलेल्या पोराच्या खिशात सापडलेले पत्र. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. त्यांची कबर नाही. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे. २०२३ मध्ये मोंतोने या इटालियन गावाने त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले, आणि त्यावर आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे लॅटिन वचन घातले. लढाई ज्यांच्या दारात झाली त्या लोकांना सुचलेले हे शब्द आहेत. आपल्या शाळेच्या फलकावर एवढे साधे वाक्य कोणी लिहील का, शंका आहे.

आता कामाचे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदी संगणकावर सर्वांना खुल्या आहेत. अनेक हिंदी शिपायांच्या नोंदीत वडिलांचे नाव, गाव आणि तालुका आहे. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: लिहिणारे कारकून मराठी न येणारे होते. रोमन अक्षरांत गावांची नावे अशी मोडली आहेत की लंडनच्या संशोधकाला ती कधीच लागणार नाहीत. हे गाव म्हणजे आपल्या पलीकडची कुठली वाडी, हे आडनाव कोणत्या भावकीतले, त्या घरातले लोक पुढे गिरणीत मुंबईला गेले की बौद्ध होऊन गाव सोडून गेले, हे स्थानिक माणूसच ओळखू शकतो. नववीच्या वर्गाला हा प्रकल्प दिला तर एका सत्रात एका गावाचा निम्मा आकडा नावांत बदलेल. पंजाबात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या १९१९ च्या नोंदवह्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात धूळ खात होत्या; २६ हजार पाने, सुमारे ३ लाख २० हजार सैनिक, गाववार. २०२१ पासून त्या टप्प्याटप्प्याने खुल्या होऊ लागल्या आणि ब्रिटन-कॅनडातल्या पंजाबी घरांत पणजोबा सापडू लागले.

या शोधात गैरसोयीची नावेही निघतील. ज्या घराचा गावाला आज अभिमान नाही त्याचा पणजोबा निघेल. ज्या वस्तीला वेशीबाहेर ठेवले तिथले चार निघतील. फलकावरचा आकडा सगळ्यांना सोयीचा होता, त्यात जात दिसत नव्हती.

जिवंत माणसांसाठी तर शोधायचीही गरज नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची यादी असते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गावातल्या सगळ्या आजी-माजी सैनिकांची नावे, पलटण आणि सेवेची वर्षे वाचून इतिवृत्तात लिहून घ्यायला वीस मिनिटे पुरतात. सरकारी दप्तरात गेलेले इतिवृत्त फलकापेक्षा जास्त टिकते. ७ डिसेंबरला १९४९ पासून ध्वजदिन पाळला जातो, शाळांत डबा फिरतो, मुले दहा-वीस रुपये टाकतात. त्या दिवशी डब्याबरोबर एक माणूसही वर्गात यावा, आणि मुलांनी विचारावे, त्याने सांगावे. वीरपत्नीला आधी विचारा, कारण ती पुष्कळदा त्या घराची शेवटची साक्षीदार असते. तिच्याकडे शौर्याची गोष्ट कमी आणि तार आल्यानंतरच्या वर्षांची जास्त असेल. तीही लिहून घ्या, वाक्य न सुधारता.

आणि ट्रंकेत ठेवलेले डिस्चार्ज बुक, म्हणजे सैनिकाच्या सेवेची नोंद असलेले पुस्तक, कोणी लॅमिनेट करून देतो म्हणाला तर देऊ नका. गरम प्लास्टिक जुन्या कागदावर एकदा बसले की ते सोडवता येत नाही आणि आतला कागद कायमचा जातो. सगळ्या पानांचे उजेडात फोटो काढा, मूळ पुस्तक कोरड्या जागी कागदी पाकिटात ठेवा, आणि फोटोंचा एक संच गावच्या शाळेत द्या. शाळा नको म्हणाली तर तालुक्याच्या वाचनालयात.